धर्माच्या गाईचे दात

मार्च महिना उजाडला की शाळांच्या शिक्षक-खोल्यांत आणि कचेऱ्यांच्या हिशेब शाखांत विम्याच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचे उतारे आणि देणग्यांची प्रमाणपत्रे यांची शोधाशोध सुरू होते. धर्मादाय संस्थांनाही हा महिना चांगला ठाऊक असतो. वर्षभर न लिहिणाऱ्या संस्थेचे पत्र नेमके याच सुमारास येते आणि त्याच्या शेवटी, बहुधा ठळक अक्षरांत, देणगी आयकरातील सवलतीस पात्र असल्याचा निर्वाळा असतो. दान आणि करसवलत यांची ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे की त्यांपैकी कोण पुढे चालते आणि कोण मागे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

तो विचारावयास लावील असे एक उदाहरण कल्पनेने घ्यावे. सांगलीच्या उत्तरेस, बुधगावच्या वाटेवर माधवनगर आहे. कापूस गिरणी, पेठ आणि रेल्वे स्थानक यांच्या आधाराने वाढलेले हे गाव आज शिक्षक, कारकून आणि निवृत्त नोकरदार यांच्या घरांनी भरले आहे. त्यांतल्या एका घरासमोर चौदा वर्षांची अल्टो उभी आहे. मालक निवृत्त मुख्याध्यापक. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी गाडी चालविणे सोडले आहे. पुढल्या वर्षी गाडीचे पासिंग संपेल, मग फेरनोंदणीचे शुल्क, पर्यावरण कर आणि तपासणी यांचा खर्च उभा राहील. मुलगा न्यू जर्सीत असतो. तो दूरध्वनीवर सांगतो, ‘‘अण्णा, इकडे लोक डिसेंबरात जुनी गाडी दान करून टाकतात. संस्थेची माणसे दारातून घेऊन जातात, आणि करही वाचतो. तुम्हीही तसेच करा.’’ गुरुजींना कल्पना पसंत पडते. वृद्धाश्रमाला गाडी मिळेल, अंगण मोकळे होईल आणि मार्चअखेर एक पावती हाती येईल. एका दगडात तीन पक्षी.

मुलगा सांगतो ते खोटे नाही. अमेरिकेत करवर्ष ३१ डिसेंबरला संपते आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत जुन्या मोटारी दान करण्याचे आवाहन करणाऱ्या जाहिरातींचा तेथे सुकाळ असतो. परंतु या प्रथेचा तेथील इतिहास त्या जाहिरातींत येत नाही, आणि तो मोठा उद्बोधक आहे.

२००४ सालापर्यंत अमेरिकेत मोटार दान करणाऱ्यास तिची ‘बाजारातील वाजवी किंमत’ उत्पन्नातून वजा करता येत असे. ही किंमत ठरविणार कोण, तर दाताच. जुन्या मोटारींच्या भावांचे छापील कोष्टक पाहावे, आपली गाडी सुस्थितीत आहे असे मानावे आणि आकडा लिहावा, अशी रीत होती. अमेरिकी काँग्रेसच्या हिशेब तपासणी कार्यालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये या व्यवहाराचा अहवाल प्रसिद्ध केला. २००० या एकाच करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी वाहनदानाची वजावट घेतली होती आणि त्यामुळे त्यांचा कर अंदाजे ६५ कोटी ४० लाख डॉलरनी कमी झाला होता. तपासनिसांनी प्रत्यक्ष माग काढलेल्या ५४ वाहनांपैकी दोनतृतीयांशांच्या बाबतीत, दात्याने विवरणात दाखविलेल्या किमतीच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या पदरी पडलेली आढळली. त्यांत १९८३ सालचा एक ट्रक होता. लिलावात तो ३७५ डॉलरला गेला. गाडी उचलून नेणारा, लिलाव करणारा, जाहिरात देणारा आणि निधी उभारून देणारा व्यावसायिक मध्यस्थ, या सर्वांचे वाटे निघाल्यावर संस्थेला साडेएकतीस डॉलर मिळाले. दात्याने मात्र वजावट मागितली होती दोन हजारांहून अधिक डॉलरची.

‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला आयकराची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पण या व्यवहाराचे यापेक्षा नेमके वर्णन सापडणे कठीण. गाडी दात्याच्या दारातली होती हे खरे. परंतु दानाचा जो भाग विवरणात फुगला होता, तो सरकारी तिजोरीतून, म्हणजे इतर करदात्यांच्या खिशातून, जात होता. त्यातला फारच थोडा अनाथांपर्यंत किंवा रुग्णांपर्यंत पोहोचत होता.

ऑक्टोबर २००४ मध्ये तेथील कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून अंमलात आला. पाचशे डॉलरहून अधिक वजावट मागावयाची असेल तर संस्थेने गाडी प्रत्यक्षात जेवढ्याला विकली तेवढीच रक्कम धरावयाची, आणि तसा दाखला संस्थेकडून घ्यावयाचा, असा नियम झाला. अपवाद ठेवला तोही विचारपूर्वक. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, तिची मोठी दुरुस्ती करून मोल वाढविले, अथवा एखाद्या गरजूला ती अत्यल्प किमतीत वा विनामूल्य दिली, तर बाजारभावाची वजावट मिळू शकते. या बदलानंतर अशा दानांचे प्रमाण झपाट्याने उतरले. कायद्याने लोकांचे औदार्य आटविले, अशी तक्रार काही संस्थांनी करावी हे स्वाभाविक होते. पण किंमत खरी लिहावी लागताच जे आटले, त्याला औदार्य म्हणावयाचे की नाही, याचा निर्णय वाचकांनीच करावा. पुढे २०१७ च्या करसुधारणेने २०१८ पासून सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट केली आणि बहुसंख्य अमेरिकी करदात्यांना दानाची वेगळी वजावट मागण्याचे कारणच उरले नाही. न्यू जर्सीतला मुलगा ‘‘करही वाचतो’’ म्हणतो, ते म्हणूनच आता बऱ्याच घरांपुरते जुने झाले आहे.

कायदा फक्त पैसा ओळखतो

भारतीय कायद्याने हा सारा गोंधळ एका वाक्यात टाळला आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील ‘८० जी’ या कलमाखाली सवलत मिळते ती रकमेच्या दानाला. वस्तूच्या दानाला नाही. १९७० च्या दशकातच तसा स्पष्ट खुलासा कायद्यात घालण्यात आला. केरळमधील श्री राम वर्मा यांनी शेअरच्या रूपाने दान करून सवलत मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही रोख रकमेखेरीज अन्य रूपातील दान या कलमात बसत नाही, असाच निर्णय दिला. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने, जो १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, कलमांचे जुने क्रमांक बदलले. लोकांच्या तोंडी ‘८० जी’ हेच नाव अजून काही वर्षे राहील. सारांश, धान्य, कपडे, पुस्तके, शिलाई यंत्र किंवा अल्टो यांपैकी काहीही दिले तरी गुरुजींच्या करात एक पैसाही कमी होणार नाही. वृद्धाश्रमाने आभाराचे पत्र जरूर द्यावे. ते विवरणाच्या कामी येणार नाही.

मग त्यांनी करावे काय? गाडी विकावी आणि पैसे द्यावेत. सांगलीच्या बाजारात तिचे पन्नास हजार येतात असे धरले, तर हा हिशेब सोपा आहे. घरच्या वापराची मोटार विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ही रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावयास हवी, कारण दोन हजारांहून अधिक रोख देणगीला सवलत नाही. संस्था मान्यताप्राप्त असेल तर, एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, सर्वसाधारणपणे निम्म्या देणगीची म्हणजे पंचवीस हजारांची वजावट मिळते. वीस टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यात पाच हजार, आणि अधिभार धरून पाच हजार दोनशे रुपये वाचतात. म्हणजे पन्नास हजारांपैकी चव्वेचाळीस हजार आठशे गुरुजींचे आणि उरलेले सरकारचे. वृद्धाश्रमाच्या हाती मात्र पुरते पन्नास हजार पडतात. दलाल नाही, लिलाव नाही. २०२१-२२ पासून संस्थेला प्रत्येक देणगीचे विवरण आयकर खात्याकडे भरावे लागते आणि त्यावरून निघालेल्या प्रमाणपत्रावरच दात्याची सवलत अवलंबून असते. तेव्हा पूर्वीसारखी कोऱ्या पावतीपुस्तकांची चैनही आता राहिलेली नाही.

परंतु या हिशेबाला आणखी एक पायरी आहे आणि ती शिक्षक-कारकुनांनी अवश्य तपासावी. २०२३-२४ पासून आयकराची नवी पद्धत आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास तसे सांगावे लागते. नव्या पद्धतीत दर कमी आहेत, पण ८० जी ची सवलत नाही. २०२५-२६ पासून तर या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच पडत नाही. गुरुजींचे निवृत्तिवेतन वर्षाला सात लाख असेल, तर नव्या पद्धतीत त्यांचा कर शून्य. पाच हजार दोनशे वाचविण्यासाठी त्यांनी जुनी पद्धत स्वीकारली आणि अन्य वजावटी नसल्या, तर देणगी देऊनही त्यांना सुमारे छत्तीस हजार कर भरावा लागेल. गृहकर्जाचे व्याज, विमा, भविष्य निर्वाह निधी असे पुष्कळ काही दाखवू शकणाऱ्या मोठ्या पगारदाराची गोष्ट वेगळी. माधवनगरातल्या, किंबहुना सातारा-सांगलीतल्या, सर्वसामान्य नोकरदारापुरता मार्चअखेरच्या दानाचा आणि कराचा संबंध जवळजवळ तुटला आहे. पत्राच्या तळाशी असलेल्या ठळक अक्षरांना आता त्याच्या लेखी अर्थ नाही.

हे वाईट झाले असे समजण्याचे कारण नाही. सवलतीचा पडदा दूर झाल्यावर गुरुजींसमोर उरतो तो मूळचाच प्रश्न. दारातली गाडी वृद्धाश्रमाला दिली, तर त्याला मिळते काय?

घेणाऱ्याच्या अंगणात

गाडी फुकट मिळते. चालक फुकट मिळत नाही. विमा दरवर्षी भरावा लागतो. टायर आणि बॅटरी यांना दाता कोण होता हे ठाऊक नसते. अल्टोची सारी किंमत चालकाच्या चारपाच महिन्यांच्या पगारात संपते, आणि तो पगार देण्याची ऐपत असलेल्या संस्थेने बहुधा गाडी आधीच घेतलेली असते. ज्या संस्थेची ऐपत नसते तिच्या आवारात दान आलेली गाडी पहिले काही महिने उत्साहाने फिरते, पुढे बॅटरी उतरते, मग कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसतात. महाराष्ट्रात मोठ्या समारंभाने लोकार्पण झालेल्या आणि चालकाअभावी उभ्या राहिलेल्या रुग्णवाहिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. नारळ फोडताना छायाचित्र निघते. इंजिनाचे तेल बदलताना कोणी काढीत नाही.

कागदपत्रांची बाजू याहून गंभीर आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकी बदलल्याची खबर जुन्या मालकाने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावयाची असते आणि नव्या मालकाने नाव लावून घ्यावयाचे असते. दानाच्या व्यवहारात नेमके हेच राहून जाते. देणारा म्हणतो, ‘‘चावी दिली, आता गाडी तुमची.’’ घेणारा संकोचाने कागद मागत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. वृद्धाश्रमाने कंटाळून ती अल्टो कोणा तिऱ्हाइताला विकली, त्याने आणखी कोणाला दिली आणि विमा संपलेल्या स्थितीत तिने जत-आटपाडीच्या रस्त्यावर कोणाला धडक दिली, तर नोटीस माधवनगरला येईल.

याचा अर्थ गाडी कधी दानच करू नये, असा नाही. मिरज हे रुग्णालयांचे गाव आहे, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारल्यापासून दुष्काळी तालुक्यांतले आणि सीमेपलीकडचेही रुग्ण तेथे येत राहिले आहेत. अशा रुग्णांची ने-आण करणारी एखादी संस्था असेल, तिच्याकडे चालक असेल आणि तिनेच ‘‘आम्हांला एक लहान गाडी हवी’’ असे म्हटले असेल, तर तिला पन्नास हजारांपेक्षा अल्टोच अधिक उपयोगी पडेल. मात्र मग ती नव्या बॅटरीसह, वर्षाचा विमा भरून आणि नाव बदलून द्यावी. अमेरिकी कायद्याने ठेवलेला अपवाद हाच आहे, आणि तो कायद्याचा म्हणून नव्हे, तर शहाणपणाचा म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही.

अडचण एवढीच की, संस्था असे काही म्हणत नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीने घेणाऱ्याला सभ्यता शिकविली खरी, पण त्याचे तोंडही बंद केले. देणगी नाकारली तर दाता दुखावेल, पुढल्या वर्षीचा धनादेशही जाईल, या भीतीने व्यवस्थापक हात जोडून चावी घेतो. गाठोड्याने येणारे विटके कपडे, पाठांतरमालेच्या कालबाह्य प्रती, दात्याचे नाव पात्यांवर रंगविलेले आणि आता न फिरणारे पंखे यांच्या खोल्या अशाच भरतात. (पंख्यांच्या पात्यांवर नाव लिहिण्याची युक्ती कोणाला सुचली असेल कळत नाही, पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, आणि नाव दिसते तेव्हा वारा मिळत नाही.)

दात मोजणारा एक मुलगा आपल्या परंपरेत आहे. कठोपनिषदाचा आरंभच त्याच्यापासून होतो. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ मांडला आणि दक्षिणा म्हणून ज्या गाई दिल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा वासरू न होणाऱ्या होत्या. लहानग्या नचिकेताने ते पाहिले आणि बापाला विचारले की, मला कोणाला देता? प्रश्न तीनदा विचारल्यावर बाप चिडला आणि त्याने मुलाला मृत्यूच्या हवाली केले. पुढचे तत्त्वज्ञान सर्वांना ठाऊक असते. त्या थकलेल्या गाई मात्र विसरल्या जातात. त्या घेणाऱ्या ब्राह्मणाने त्यांना वैरण कोठून घातली, हे उपनिषद सांगत नाही. भूदानातही विनोबांच्या झोळीत पुष्कळ अशी जमीन पडली की, जिच्यावर नांगर चालत नव्हता. आपल्याला नको ते देणे आणि त्यालाच त्याग म्हणणे, ही खोड करकायद्याहून बरीच जुनी आहे.

हिच्या उलट टोकाचे उदाहरण साताऱ्यात घडले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तेथे वसतिगृह काढले. तीन वर्षांनी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ते जुने झाले होते म्हणून नव्हे, किंवा पेटीत जागा अडत होती म्हणूनही नव्हे. मुलांना सोने नको होते, भाकरी हवी होती. म्हणून सोने बाजारात गेले आणि धान्य स्वयंपाकघरात आले. रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाचीही हीच रीत. घरोघरच्या बायका दळणातले मूठभर धान्य रोज बाजूला काढीत, आणि तेच धान्य मुलांच्या ताटात जाई. देणारीच्या घरातून निघालेले आणि घेणाऱ्याच्या हाती पडलेले, यांत तूट जवळजवळ नाही.

अलीकडच्या काळात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधीही याच जातीचा. नामवंत नटनट्यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पैसा जमविला आणि त्याच्या व्याजातून पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. कलावंतांनी आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे, म्हणजे रंगमंचावरचे श्रम, दिले. कार्यकर्त्याच्या घरी पोहोचला तो महिन्याचा किराणा.

गुरुजींच्या अल्टोला एवढी थोर उदाहरणे लावणे कोणाला अन्यायाचे वाटेल. त्यांचा हेतू चांगला आहे, आणि पन्नास हजार रुपये निवृत्त माणसाला थोडे नसतात. कदाचित म्हणूनच गाडी देणे सोपे आणि तिचे पैसे देणे अवघड वाटते. अंगणातली गाडी आपली राहिलेलीच नसते. पण ती विकून आलेले पैसे बँकेच्या पुस्तकात उमटले की ते पुन्हा आपले होतात, आणि त्यांतून जावयाच्या दिवाळसणापासून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपर्यंत अनेक वाटा फुटतात.

३१ मार्चची घाई आता त्यांना नाही. नव्या पद्धतीत ती तारीख त्यांच्या दानाच्या आड येत नाही. तेव्हा गाडीचा सौदा करण्यापूर्वी, किंवा चावी देण्यापूर्वी, त्यांनी वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना एक दूरध्वनी करावा आणि एवढेच विचारावे की, गाडी पाठवू की गाडीचे पैसे? पलीकडून उत्तर यावयास बहुधा थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ त्यांनी थांबावे.